तिसऱ्या वाचकाच्या हातून

तुरुंगातल्या माणसाला पत्र पाठवायचं तर पत्ता नेहमीपेक्षा लांब होतो. नुसतं नाव आणि आडनाव पुरत नाही. वडिलांचं नाव लागतं, आणि तेही वॉरंटवर जसं चढलं असेल तसंच. घरात जो पप्या तो कागदावर प्रवीण असतो. पोलिसांनी घाईत प्रविण लिहून घेतलं असेल, तर पाकिटावरही प्रविणच लिहिलेलं बरं. शिक्षा लागली असेल तर कैदी क्रमांक, खटला चालू असेल तर ‘न्यायाधीन बंदी’. सर्कल आणि बराकीचा नंबर ठाऊक असेल तर तोही. मग द्वारा अधीक्षक, येरवडा मध्यवर्ती कारागृह, पुणे 411006. हजारो माणसं कोंबलेल्या जागेत एकाच नावाचे चार-पाच शेख आणि तितकेच पवार सहज निघतात. त्यामुळे ही लांबण हौसेची नाही.

आत पैसे घालायचे नसतात. कागदाला टाचणी किंवा पिन नको. फोटो घातला तर तो हाती पडेलच असं नाही. आणि पाकीट चिकटवायचं ते केवळ पोस्टासाठी, कारण पलीकडे ते उघडणारच आहे. तुरुंगातल्या पत्राला वाचक किमान तीन: लिहिणारा, ज्याला लिहिलं तो, आणि या दोघांच्या मधे बसलेला एक अधिकारी. त्याने वाचून शिक्का मारला की पत्र ‘पास’ होतं. त्याला काही खटकलं तर ते त्याच्या टेबलाशी थांबतं. आतून बाहेर येणाऱ्या पत्राची वाटही हीच, फक्त उलट दिशेने.

या तिसऱ्या वाचकाची जाणीव पत्राच्या भाषेत उतरते. ‘तीर्थरूप बाबांस’ असा मायना होतो, ‘आम्ही सर्व खुशाल आहोत’ हेही होतं, आणि मग गाडी वळते ती तारखेवर. पुढची तारीख कधी, वकिलाने काय सांगितलं, मामांनी जामीनदार राहायला होकार दिला की नाही, सातबारा काढला का. शेतात काय पेरलं, पोरगी कितवीत गेली. भांडणाची, संशयाची, बायकोने नवऱ्याला खरोखर विचारायची गोष्ट मात्र कागदावर येत नाही. कुणीतरी परका माणूस हे वाचणार आहे हे डोक्यात असलं की हात आपोआप आखडतो. मृत्यूच्या बातम्याही अशाच अडतात. आई गेली हे पत्राने कळवायचं, मुलाखतीत सांगायचं, की पॅरोल मिळाला तर घरी आल्यावरच कळू द्यायचं, यावर घराघरांत खल होतो.

मंडालेच्या तुरुंगात टिळकांना अशीच बातमी तारेने कळली. जून 1912 मध्ये त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई पुण्यात वारल्या. टिळकांच्या सहा वर्षांच्या शिक्षेतली चार उलटत आली होती. घरच्या व्यवहाराची बरीचशी पत्रं ते भाचे धोंडोपंत विद्वांसांना लिहीत, आणि तीही सरकारी नजरेखालूनच येत-जात. त्याच काळात अंदमानात सावरकरांना वर्षाला एक पत्र मिळे. एक लिहायचं, एक यायचं. वर्षभराचं बोलणं एका कागदात बसवायचं म्हटल्यावर कशाला जागा द्यायची आणि काय गाळायचं, याचा विचार माणूस किती महिने आधीपासून करत असेल!

पण मंडालेची मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट वेगळी आहे. ‘गीतारहस्य’ तिथे पेन्सिलीने लिहिलं गेलं, 1910-11च्या हिवाळ्यात. शाई मिळत नसे. वह्या बांधलेल्या, पानं मोजून दिलेली. लिहायला सरकारने हरकत घेतली नाही. सुटकेच्या वेळी मात्र वह्या ठेवून घेतल्या. परत मिळतात की नाही, या काळजीने मित्रमंडळी अस्वस्थ झाली. अखेर त्या परत आल्या आणि जून 1915 मध्ये ग्रंथ छापून झाला. लिहू द्यायचं, पण लिहिलेलं दाराबाहेर जाऊ द्यायचं की नाही ते आम्ही ठरवू, असा तो कारभार.

स्वराज्य आलं आणि हा कारभार तसाच पुढे चालू राहिला. त्याचा पुरावा एका मराठी पुस्तकाच्या रूपाने सर्वोच्च न्यायालयाच्या दप्तरात आहे, आणि आपल्याकडे तो असायला हवा तितका माहीत नाही. प्रभाकर संझगिरी हे मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे नेते, कामगार चळवळीतले माणूस. भारत संरक्षण नियमांखाली त्यांना मुंबईत स्थानबद्ध केलं होतं. आर्थर रोडच्या तुरुंगात बसून त्यांनी पुस्तक लिहिलं, ते राजकारणावर नव्हे तर अणूवर. नाव ‘अणूच्या अंतरंगात’. हे लिहायला सरकारने रीतसर परवानगी दिली होती. पुढे सप्टेंबर 1964 मध्ये त्यांनी अर्ज केला की हस्तलिखित प्रकाशनासाठी बाहेर पत्नीकडे पाठवू द्या. सहा महिन्यांनी, मार्च 1965 मध्ये, उत्तर आलं: नाही. तुरुंगाच्या अधीक्षकांकडे पुन्हा अर्ज केला. तिथेही नाही.

संझगिरी उच्च न्यायालयात गेले. न्यायमूर्तींनी पुस्तकाची अनुक्रमणिका मागवून पाहिली. अणूची रचना, मूलद्रव्यं, असा शुद्ध शास्त्राचा मामला. यात देशाच्या संरक्षणाला धोका कुठला? उच्च न्यायालयाने हस्तलिखित जाऊ द्या असं सांगितलं. तर राज्य सरकार त्यावर अपिलात थेट दिल्लीला गेलं. अणूवरच्या एका मराठी पुस्तकाची चळत संझगिरींच्या पत्नीच्या हाती पडू नये म्हणून महाराष्ट्र शासन सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडलं, हे आज वाचताना हसू येतं. पण सरकारचा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. तो असा: स्थानबद्धांना कोणकोणत्या सवलती द्यायच्या हे 1951च्या आदेशात लिहिलं आहे. पुस्तक लिहून बाहेर पाठवण्याची सवलत त्यात कुठेही नाही. जे लिहिलेलं नाही, ते नाही.

सप्टेंबर 1965 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा तर्क उलटा केला. निकाल न्यायमूर्ती सुब्बाराव यांचा. त्यांनी म्हटलं त्याचा आशय असा की त्या आदेशातल्या तरतुदी या सवलतींची खिरापत नसून बंधनांची यादी आहेत. माणूस आत गेला म्हणून त्याचं सगळं स्वातंत्र्य संपलं आणि सरकार देईल तेवढंच उरलं, असं नाही. नियमाने जे काढून घेतलं तेवढंच गेलं. बाकीचं त्याच्यापाशीच आहे. ज्या महिन्यात हा निकाल आला त्या महिन्यात सीमेवर पाकिस्तानशी युद्ध पेटलेलं होतं, हेही ध्यानात घ्यायला हवं. अशा हवेत न्यायालयाने एका कम्युनिस्ट स्थानबद्धाच्या बाडाला वाट करून दिली.

पुढच्या काळात तुरुंगातल्या पत्रांनी कायद्यात बरीच मजल मारली. सुनील बत्रा या कैद्याने सर्वोच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींना पत्र लिहिलं. तिहारमध्ये दुसऱ्या एका कैद्याचा छळ झाला, हे त्यात कळवलं होतं. न्यायालयाने ते पत्रच याचिका म्हणून दाखल करून घेतलं. मुंबईच्या तुरुंगातल्या महिला कैद्यांना भेटून पत्रकार शीला बारसे यांनी पोलीस कोठडीतल्या मारहाणीबद्दल न्यायालयाला पत्र लिहिलं, आणि 1983च्या निकालाने महिला आरोपींसाठी वेगळ्या कोठड्यांसारखे आदेश निघाले. कायद्याच्या अभ्यासक्रमात हे येतंच. तिथे मी थांबत नाही.

थांबायचं आहे ते दुसऱ्या प्रश्नापाशी. पत्र कुणाला लिहायचं? तुरुंगाच्या नियमांना याचं उत्तर नेहमी सोपं वाटत आलं आहे: नातेवाइकांना. 1942च्या ऑगस्टमध्ये गांधीजींना पुण्यात आगाखान पॅलेसमध्ये ठेवलं, आणि काँग्रेसच्या कार्यकारिणीला अहमदनगरच्या किल्ल्यात. दोन्हींमधलं अंतर जेमतेम सव्वाशे किलोमीटर. पत्रं फक्त कुटुंबीयांना आणि तीही घरगुती बाबींपुरती, असा हुकूम आला तेव्हा गांधीजींनी मुंबई सरकारला कळवलं की पस्तीस वर्षांपेक्षा जास्त काळ मी कुटुंबाचं असं आयुष्य जगलेलोच नाही, आश्रमाचं जगलो आहे. मग नातलग कोण आणि परके कोण? असली सवलत घेण्यापेक्षा न लिहिलेलं बरं. ज्या माणसाने 1930 साली येरवड्यातून दर मंगळवारी पहाटे आश्रमाला पत्र पाठवून व्रतांवरचं एक पुस्तक पुरं केलं, त्याने बारा वर्षांनी त्याच पुण्यात लिहायला नकार दिला.

नगरच्या किल्ल्यात मौलाना आझादांनी याच पेचातून वेगळी वाट काढली. त्यांना लिहायचं होतं एका मित्राला, हबीबुर्रहमान खान शेरवानी यांना. मित्र म्हणजे काही नातलग नव्हे. पत्र जाणारच नव्हतं. तर आझाद लिहीत राहिले आणि पत्रं जवळच ठेवत राहिले. पहाटे उठून केलेल्या चहावर, किल्ल्यातल्या खोलीत शिरणाऱ्या चिमण्यांवर, संगीतावर, देवावर. एप्रिल 1943 मध्ये त्यांच्या पत्नी झुलेखा बेगम कलकत्त्यात वारल्या, तेव्हाही ते आतच होते. सरकारपुढे सुटकेचा शब्द टाकायला त्यांनी नकार दिला होता. त्या मृत्यूवरचं पत्रही त्या न धाडलेल्या पत्रांतलंच. 1946 साली ‘गुबार-ए-खातिर’ या नावाने ती छापली गेली. उर्दू गद्याचा तो ठेवा नगरमध्ये तयार झाला, याचा नगरकरांना अभिमान असायला हवा. बहुतेकांना त्या किल्ल्यातलं नेहरूंचं पुस्तक तेवढं ठाऊक असतं.

नात्याची ही अट आणीबाणीत एका जोडप्याच्या कामी आली. मधु दंडवते बंगळूरच्या तुरुंगात, प्रमिलाताई येरवड्यात. नवरा-बायको म्हणून पत्रं चालली, दोन्ही टोकांना सेन्सॉर होऊन. म्हणजे दोघांच्या पत्राला चार वाचक. पण सगळ्यांचं नातं असं कागदोपत्री नसतं. एकाच खटल्यातले दोन सहआरोपी दोन तुरुंगांत असतील, किंवा जुना बराकसोबती दुसरीकडे हलवला असेल, तर त्यांनी एकमेकांना लिहू नये असं महाराष्ट्राचा 1962चा नियम सांगत होता. त्याला येरवड्याच्या राजकीय पुढाऱ्यांनी नव्हे तर एका शिक्षा भोगणाऱ्या कैद्यानेच आव्हान दिलं, आणि ऐंशीच्या दशकात मुंबई उच्च न्यायालयाने ती बंदी उडवली. कट शिजण्याची भीती आहे म्हणावं, तर पत्र तपासूनच जातं. मग बंदी कशासाठी? या साध्या प्रश्नाला सरकारपाशी उत्तर नव्हतं.

आता आजच्या दाराशी येऊ. मुलाखतीच्या दिवशी कुठल्याही मध्यवर्ती कारागृहाबाहेर उभं राहिलं तर पत्राचं माहात्म्य कुणी सांगावं लागत नाही. पहाटेच्या एसटीने आलेल्या बाया, कडेवर पोर, पिशवीत कपड्यांचे दोन जोड, हातात आधारकार्डाची झेरॉक्स. नंबर लागेपर्यंत दुपार होते. भेट पंधरा-वीस मिनिटांची, मधे जाळी किंवा काच, आजूबाजूला तसेच दहा-वीस जण एकाच वेळी ओरडून बोलणारे. एवढ्या गलक्यात ‘जेवतोस ना?’ याच्या पलीकडे बोलणं जात नाही. बीड-परभणीकडून पुण्याला किंवा सावंतवाडीहून कोल्हापूरच्या कळंब्याला यायचं तर एका दिवसाची मजुरी बुडते आणि भाडं वेगळं. कोविडच्या काळात व्हिडिओवरची ई-मुलाखत आली, 2023 मध्ये येरवड्यात स्मार्ट कार्डाचे फोन बसले. चांगलं झालं. आवाज ऐकू येणं ही मोठीच गोष्ट आहे. पण ठरलेली मिनिटं संपली की बोलणं हवेत विरतं. पत्र उशाशी राहतं, ते पुन्हा काढून वाचता येतं. वकिलाने सुचवलेला मुद्दा त्यात असेल तर कोर्टाच्या तारखेला तो खिशात घालून नेता येतो.

देशातल्या तुरुंगांतले चारांतले तीन कैदी खटला संपायच्या आधीच आत आहेत. 2022 अखेरच्या सरकारी आकडेवारीत 5,73,220 पैकी 4,34,302. पत्रांच्या दृष्टीने याचा अर्थ असा की हे पत्ते टिकत नाहीत. आर्थर रोड ओसंडला की काहींना तळोज्याला हलवतात, काहींना ठाण्याला किंवा कल्याणच्या आधारवाडीला. बायको पत्र टाकते जुन्या पत्त्यावर. ते तिथून पुढे जाईपर्यंत एखादी तारीख होऊन गेलेली असते.

दुसरी अडचण अक्षराची. कैद्यांतला जवळपास चौथा हिस्सा निरक्षर, आणि त्याहून मोठा हिस्सा दहावीच्या आत शाळा सुटलेल्यांचा. म्हणजे बराकीत पत्र लिहून देणारा एक तरी असावाच लागतो. पदवीपर्यंत शिकलेला, एखाद्या आर्थिक घोटाळ्यात आलेला कारकून किंवा नोकरी गमावलेला मास्तर. त्याच्या अक्षरात बराकीतल्या सगळ्यांच्या घरची दुखणी जातात. मोबदल्यात बिडी, साबण, कधी कँटीनमधलं फरसाण. गावाकडेही पत्र वाचून दाखवायला शेजारचा कॉलेजातला पोरगा लागतो. तीन वाचक म्हणालो खरा, पण गरिबाच्या पत्राला पाच होतात, आणि त्यांतले दोनच त्याच्या मर्जीतले असतात. बंगाली, तेलुगू, ओडिया पत्रांची तऱ्हा तर आणखी निराळी. तपासणाऱ्याला जी लिपी वाचता येत नाही ते पत्र ‘पास’ करायला तो धजत नाही. वाचून देणारा मिळेपर्यंत ते पडून राहतं.

मनीऑर्डर हीदेखील एक चिठ्ठीच होती. जुन्या फॉर्मच्या तळाशी मजकुराला बोटभर जागा असे. ‘पैसे पाठवले, प्रकृतीस जप’ एवढं तिथे मावायचं, आणि ते आईच्या किंवा तिच्या वतीने लिहिणाऱ्याच्या हाताचं असायचं. आता इलेक्ट्रॉनिक मनीऑर्डर झाली. ठरावीक संदेशांच्या यादीतून एक निवडायचा. पैसा मात्र आजही अनेकांना याच वाटेने येतो, आणि त्याला मर्यादा असते. 2021 साली एका बड्या सिनेनटाच्या मुलाला आर्थर रोडमध्ये घरून मनीऑर्डर आली, ती साडेचार हजारांचीच. तेव्हा तेवढीच मुभा होती. कोट्यधीशाचा मुलगा आणि खिसेकापू एकाच रकमेवर येतात अशी जागा आपल्याकडे दुसरी दाखवता येणार नाही.

तिसऱ्या वाचकाला सरसकट खलनायक करण्यात अर्थ नाही. अंमली पदार्थ कागदात भिजवून पाठवले जातात, साक्षीदाराला धमक्या जातात, टोळ्यांचे निरोप जातात. तपासणी नको असं कुणी शहाणा म्हणणार नाही. प्रश्न उरतो तो तारतम्याचा, आणि तिथे आपलं रेकॉर्ड मजेशीर आहे. नोव्हेंबर 2020 मध्ये तळोजा तुरुंगात न्यायाधीन बंदी असलेल्या गौतम नवलखा यांचा चष्मा चोरीला गेला. चष्म्याशिवाय त्यांना जवळपास दिसत नाही. घरच्यांनी नवा चष्मा पोस्टाने धाडला, तो तुरुंगाने घेतलाच नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना माणुसकीची आठवण करून द्यावी लागली. दीड वर्षाने त्यांनाच वुडहाउसचं पुस्तक सुरक्षेच्या कारणावरून नाकारल्याचं न्यायालयासमोर आलं. इंग्रजीतला सर्वांत निरुपद्रवी विनोदी लेखक! न्यायमूर्तींनी त्या कारणालाच हास्यास्पद ठरवलं. आरोप काय आहेत, खरे की खोटे, याच्याशी चष्म्याचा संबंध नाही. आरोपी आंधळा राहावा असं कुठल्याही कलमात लिहिलेलं नाही. संझगिरींच्या निकालाला तेव्हा पंचावन्न वर्षं झाली होती.

आणि हे आपल्यापुरतंच आहे असंही नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्याने 2018 मध्ये अंमली पदार्थांचं कारण देऊन ठरवलं की राज्याच्या तुरुंगातल्या कैद्याला मूळ पत्र द्यायचंच नाही. पत्रं जायची फ्लोरिडातल्या एका खासगी कंपनीकडे. तिथे स्कॅन करून कैद्याला छापील प्रत, आणि मूळ कागद काही काळाने नष्ट. मुलाने रंगवलेलं वाढदिवसाचं कार्ड बापाला मिळतं ते प्रिंटरमधून निघालेलं. मग इतर राज्यांनीही असले करार केले. आपल्याकडे सुधारणा म्हटली की नजर तिकडे वळते, म्हणून हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. उद्या एखाद्या निविदेत ‘डिजिटल पत्रव्यवहार’ असे शब्द दिसले तर पहिला प्रश्न हा विचारायचा: मूळ कागदाचं काय करणार?

त्याआधी करण्यासारखं काम फार स्वस्त आहे. साधं पोस्टकार्ड अजून 50 पैशांना मिळतं, अंतर्देशीय अडीच रुपयांना. पण तुरुंगात पत्र टाकणारी जाणती घरं आजवर रजिस्टर करायची, पोचपावतीसकट. तारखेला पत्र मिळालं नाही असं पोरगा म्हणाला तर वकिलाला दाखवायला सही-शिक्क्याचं काहीतरी हाताशी असे. 1 सप्टेंबर 2025 पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं. पोच आता मोबाईलवर दिसते, आणि ती दिसते कारागृहाच्या दारापर्यंतची. दारापासून बराकीपर्यंतच्या त्या दोन-तीनशे पावलांची पोच ना पूर्वीच्या पावतीवर होती ना आताच्या मोबाईलवर आहे. आवक टपालाच्या नोंदीत कैद्याची सही किंवा अंगठा घ्यायचा, आणि पत्र अडवलं तर कोणत्या तारखेला, कोणत्या नियमाखाली, हे त्याला आणि पाठवणाऱ्याला दोन ओळींत कळवायचं. मनीऑर्डरच्या पैशांना सही घेतातच. पत्रालाही घ्यायची, एवढंच. यासाठी नवा कायदा लागत नाही. गृहखात्याचं एक परिपत्रक पुरेल.